शिडाची बोट नाकासमोर चालत नाही: लीवेचा अंदाज कसा बांधायचा

वारा उत्तरेकडून येतोय. सुकाणूवर बसलेल्या माणसाने बोट होकायंत्रावर ०४५ अंशांना, म्हणजे बरोबर ईशान्येला, दोन तास इमानेइतबारे धरून ठेवली आहे. वेग ६ नॉट, म्हणजे १२ सागरी मैल कापून झाले. प्रवाह नाही, भरती-ओहोटीची ओढ नाही. निघाल्या ठिकाणापासून नकाशावर ईशान्येला १२ मैलांची रेघ ओढली, तर बोट त्या रेघेच्या टोकाला असायला हवी. पण ती असते तिथून मैलभर आग्नेयेला. सुकाणूवाल्याने डुलकी काढलेली नाही, होकायंत्र बिघडलेलं नाही. बोट सगळा वेळ नाक एकीकडे आणि चाल दुसरीकडे, अशी पाच अंश तिरकी चालत होती, एवढंच.

याला लीवे म्हणतात: बोटीचं नाक जिकडे रोखलेलं आहे ती दिशा आणि बोट पाण्यातून खरोखर जिकडे जाते ती दिशा, यांच्यामधला कोन. यातलं ‘पाण्यातून’ निसटू देऊ नका. पुढचा निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो. प्रवाह बोटीला वाहून नेतो तेव्हा भोवतालच्या सगळ्या पाण्यासकट नेतो. लीवेमध्ये पाणी जागेवर असतं आणि बोट त्यातून बाजूला, वाऱ्याखाली, म्हणजे वारा जिकडे वाहतो तिकडे घसरते. नकाशावर दोन्हींचा परिणाम सारखा दिसू शकतो. पण कारणं वेगळी, नियम वेगळे, आणि हिशेबात त्यांची पाळीही वेगवेगळी येते.

तिरकं गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही

लीवे हा बोटीचा दोष आहे आणि खरी चांगली बोट सरळ जाते, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. लीवे नसेल तर शिडाची बोट वाऱ्याकडे, म्हणजे वारा येतो त्या दिशेने, चढूच शकत नाही.

बोट वाऱ्याला शक्य तितकी जवळ धरून, म्हणजे क्लोज हॉल्ड चालवली की शिडांवर येणारं बळ बरंचसं आडवं असतं. पुढे ढकलणारा वाटा त्या मानाने लहान. हे आडवं बळ पेलायचं काम बोटीच्या तळाखालच्या कीलचं, म्हणजे तिथल्या उभ्या पात्याचं. आता कील दोन्ही बाजूंनी सारखी असते. पाणी तिच्यावर अगदी समोरून आलं, तर डावी बाजू आणि उजवी बाजू यांच्यात काही फरकच उरत नाही आणि आडवं बळ शून्य निघतं. चालत्या होडीतून वल्ह्याचं पातं पाण्यात उभं धरून पाहा. धार प्रवाहाला समांतर असेल तर पातं शांतपणे पाणी कापतं. मनगट जरासं वळवलं की तेच पातं हातातून हिसकलं जाईल इतक्या जोराने बाजूला ओढ घेतं. कीललाही तसाच थोडा कोन हवा असतो. पण ती बोटीला पक्की बसवलेली, तिला वेगळं वळवता येत नाही. मग सगळी बोटच तिरकी जाते.

म्हणजे घडतं असं: शिडं बोटीला बाजूला ढकलतात, बोट घसरू लागते, घसरल्यामुळे पाणी कीलवर तिरकं येऊ लागतं, कील उलट बाजूला बळ लावते, आणि कुठल्या तरी कोनावर दोन्ही बळांची बरोबरी होते. तो कोन म्हणजे त्या क्षणाचा लीवे. कील खोल आणि अरुंद असेल तर थोड्या कोनात काम भागतं. लांबट, उथळ कीलला जास्त कोन लागतो. सपाट तळाच्या बोटीला बिचारीला धरायला काहीच नसतं. म्हणूनच उथळ पाण्यातल्या डच मालवाहू बोटींच्या दोन्ही अंगांना लाकडी फळ्या टांगलेल्या असत आणि वाऱ्याखालच्या बाजूची फळी पाण्यात सोडली जाई.

आकडे हवेतच, तर ढोबळमानाने असे. आजच्या फिन कीलच्या, म्हणजे खोल आणि अरुंद कीलच्या बोटीला मध्यम वाऱ्यात, फार खवळलेलं पाणी नसताना, क्लोज हॉल्डवर ३ ते ५ अंश. जुन्या पद्धतीच्या लांब कीलच्या बोटीला ५ ते ८. सेंटरबोर्ड (तळातून खाली-वर करता येणारी फळी) वर उचललेल्या उथळ बोटीला १० किंवा १५ सुद्धा. वारा आडवा, थेट बाजूने असेल तर यांच्या साधारण निम्मं धरावं. वारा मागून असेल तर लीवे विसरून जावं. पण हे आकडे पाठ करून समाधान मानू नका. एकच बोट एकाच दुपारी ३ पासून १३ अंशांपर्यंत फिरू शकते.

वाऱ्याआधी वेग बघा

का फिरते, हे कळलं की अंदाज बांधणं निम्मं जमलं. कीलवर येणारं बळ दोन गोष्टींवर अवलंबून असतं: पाणी किती कोनातून येतं आणि किती वेगाने येतं. कोनाच्या ते साध्या प्रमाणात वाढतं, वेगाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. वेग निम्मा झाला की बळ चौथ्या हिश्श्यावर येतं. शिडांचा आडवा रेटा तेवढाच राहिला असेल, तर ही तूट भरून काढायला कोन चौपट व्हावा लागतो.

आडवा रेटा किती आहे, हे मोजायला डेकवर कुठलं यंत्र नसतं. पण बोट किती कलली आहे हे दिसतं, आणि कलणं हा त्या रेट्याचाच परिणाम आहे. फार मोठा कोन नसेल तर दुप्पट रेट्याला दुप्पट कलणं, असा सरळ हिशेब चालतो. या दोन गोष्टी जोडल्या की शर्यतीच्या बोटींवरची यंत्रणा वापरते ते सूत्र तयार होतं:

लीवे = क × कलण्याचा कोन ÷ (वेग × वेग)

कोन अंशांत, वेग नॉटमध्ये. ‘क’ हा त्या त्या बोटीचा स्वतःचा आकडा. कीलच्या बऱ्याच बोटींना तो १० च्या आसपास येतो. आपणही सोयीसाठी १० धरू.

बोट २० अंश कलली आहे, वेग ६ नॉट. २०० भागिले ३६, म्हणजे साडेपाच अंश. आता समोरून उसळती लाट आली, बोट तेवढीच कललेली पण आपटत-आपटत ४ नॉटवर आली. २०० भागिले १६, म्हणजे साडेबारा. वारा तोच, शिडं तीच, होकायंत्रावरची दिशाही तीच, आणि लीवे दुपटीहून जास्त.

आणखी एक तुलना करून बघा, कारण इथे बहुतेकांचा तर्क उलटा धावतो. चांगला ताजा वारा, सपाट पाणी, १८ अंश कलणं, साडेसहा नॉट: लीवे सव्वाचार अंश. हलका वारा, पण मागे राहिलेली उलटसुलट लाट, १२ अंश कलणं, वेग ३ नॉट: लीवे १३ अंश! ‘आज वारा कमी, लीवे सोडून द्या’ असं म्हणणाऱ्याची रेघ अशा दिवशी चांगलीच चुकते. लीवेचा अंदाज घेताना वाऱ्याचा आकडा नंतर वाचावा, आधी वेगाचा.

बोट वाऱ्याच्या फार जवळ दाबण्याचा मोहही याच हिशेबात उघडा पडतो. समजा, वाऱ्यापासून ४५ अंशांवर बोट ५.८ नॉटने चालते, २० अंश कलते. लीवे सहाच्या जवळ, म्हणजे पाण्यातली खरी वाट वाऱ्यापासून ५१ अंश. वाऱ्याच्या दिशेने तासाला साधारण ३.७ मैल मिळकत. आता नाक आणखी वर, ४० अंशांवर नेलं. वेग साडेचारवर उतरला, कलणं १८. लीवे नऊच्या घरात, वाट ४९ अंश, मिळकत तासाला तीनच मैल. नाक पाच अंश वर गेलं, वाट जेमतेम दोन अंश वर गेली, आणि वेगातला सव्वा नॉट त्यापायी खर्ची पडला. होकायंत्राकडे बघणाऱ्याला मात्र आपण फार सुरेख चढतोय असंच वाटत राहतं.

सूत्राच्या मर्यादा आहेत. बोट जवळपास थांबली की ते कैच्या कै आकडे देतं. कोन दहा-बारा अंशांच्या पुढे गेला की कीलभोवतीचा प्रवाह तुटू लागतो आणि खरं घसरणं सूत्राने दाखवल्याहून जास्त होतं. माणसं वाऱ्याकडच्या कठड्यावर ओळीने बसली असतील तर बोट कमी कलते, पण आडवा रेटा कमी झालेला नसतो. तेव्हा सूत्र लीवे कमी दाखवतं. लाटा नाकाला वाऱ्याखाली ढकलतात, त्याचाही सूत्रात समावेश नाही. खवळलेल्या पाण्यात उत्तर आलं त्यावर दोन-तीन अंश चढवावेत, असं माझं मत. शास्त्रीय नाही, पण शून्य चढवण्यापेक्षा बरं.

मागे वळून पाहा

‘क’ कुठून आणायचा? स्वतःच्या बोटीवर मोजून. त्यासाठी लागणारी गोष्ट बोटीच्या मागेच पसरलेली असते.

बोट गेल्यावर पाण्यावर जो माग उरतो, तो बोट जिथून आली ती वाट दाखवतो. बोट सरळ नाकासमोर जात असती तर माग बरोबर मध्यरेषेच्या मागे पडला असता. ती वाऱ्याखाली घसरते, म्हणून माग मध्यरेषेपासून वाऱ्याकडच्या बाजूला फुटलेला दिसतो. मध्यरेषा आणि माग यांच्यातला कोन म्हणजेच लीवे. या पद्धतीत प्रवाहाची लुडबुड अजिबात नाही, हे तिचं सौंदर्य. प्रवाह बोटीला आणि मागाला दोघांनाही सारखाच वाहून नेतो, त्यामुळे त्यांच्यातला कोन बिघडत नाही.

मोजायच्या दोन रीती आहेत. हातातलं होकायंत्र घेऊन मागच्या टोकाला मधोमध उभं राहायचं, मागाची दिशा घ्यायची आणि ती बोटीच्या दिशेच्या बरोबर उलट दिशेशी ताडून बघायची. बोट ०४५ वर आहे, उलट दिशा २२५. माग २३१ वर दिसला, तर लीवे ६. (वारा उत्तरेचा, म्हणून मागही उत्तरेच्या बाजूला झुकलेला. तो २१९ वर दिसला असता, तर काहीतरी चुकतंय असं समजावं.) यात अडचण एवढीच की हातातलं होकायंत्र आणि सुकाणूजवळचं होकायंत्र एकमेकांशी सहमत असतीलच असं नाही, जवळ लोखंड असेल तर नसतातच. म्हणून मला दुसरी रीत आवडते: मागच्या कठड्यावर कोनमापक पक्का बसवायचा, शून्य मध्यरेषेवर, आणि त्याच्या केंद्रातून एक बारीक दोरी मागे सोडायची. दोरीच्या टोकाला पाणी धरेल असं थोडं वजन. दोरी मागाच्या रेषेत ताणून राहते आणि कोन सरळ कोनमापकावर वाचता येतो. होकायंत्राचा संबंधच नाही. शिडांच्या जहाजांवर यासाठी मागच्या कठड्यावरच अंशांचं अर्धवर्तुळ आखलेलं असे.

एकदाच बघून आकडा लिहू नका. सुकाणू हलतं, लाट नाक फिरवते, माग नागमोडी होतो. पाच-दहा मिनिटं थांबून, थोड्या थोड्या वेळाने दहाएक वेळा वाचन घ्यावं आणि सरासरी काढावी. सोबत वेग आणि कलण्याचा कोन टिपावा. समजा सरासरी लीवे ६ अंश आली, वेग साडेपाच नॉट, कलणं १८. ६ गुणिले ३०.२५ भागिले १८, म्हणजे १० च्या किंचित वर. हा तुमच्या बोटीचा ‘क’. दोन-तीन वेगवेगळ्या वाऱ्यांत तो पुन्हा काढला की भरवसा वाटण्याइतका पक्का होतो. खरी गरज लागते त्या खराब हवेत मागाचा पत्ता नसतो, फेसात तो विरून जातो. म्हणून चांगल्या हवेत मोजून ठेवायचं आणि खराब हवेत सूत्राने वाढवायचं.

जीपीएस असताना कशाला?

प्रश्न रास्त आहे. जीपीएस बोटीची जमिनीवरची खरी वाट दाखवतं. नाकाची दिशा आणि ती वाट यांतला फरक पाहिला की झालं की!

झालं नाही, कारण त्या फरकात लीवे आणि प्रवाह दोन्ही मिसळलेले असतात. जोवर त्याच दिशेने चाललाय तोवर काही बिघडत नाही. टॅक बदलला, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून वारा दुसऱ्या बाजूने घेतला, की बिघडतं. पुन्हा उत्तरेचा वारा घ्या. बोट ०४५ वर आहे, वेग ५ नॉट, आणि जीपीएस म्हणतं की वाट ०५५. दहा अंश उजवीकडे. हे सगळं लीवे असेल, तर टॅक बदलून ३१५ वर गेल्यावर बोट दहा अंश डावीकडे घसरेल आणि वाट ३०५ होईल, कारण लीवे नेहमी वाऱ्याखालीच नेतो. पण तो फरक पूर्वेकडे वाहणाऱ्या दीड नॉटच्या प्रवाहामुळे पडला असेल, तर ३१५ वरही बोट उजवीकडेच ढकलली जाईल, आणि या टॅकवर प्रवाह थोडा समोरून येत असल्याने जरा जास्तच: वाट ३३० च्या आसपास. एकाच निरीक्षणातून दोन भाकितं, आणि त्यांच्यात २५ अंशांचा फरक. समोरच्या भूशिराला वळसा घालण्यासाठी नेमका कुठे टॅक करायचा, हे ठरवताना असा फरक परवडत नाही. जीपीएस झालेलं सांगतं. पुढच्या टॅकचं सांगायला त्या बेरजेतले दोन भाग वेगळे करावे लागतात.

प्रवाह नसलेल्या पाण्यात मात्र जीपीएस लीवे मोजायला झकास. दोन्ही टॅकवर काही मिनिटं स्थिर चालून नाकाची दिशा आणि जीपीएसची वाट टिपायची. समजा एका टॅकवर नाक ०४७, वाट ०५३. दुसऱ्यावर नाक ३१७, वाट ३११. नाकांमधला कोन ९०, वाटांमधला १०२. फरक १२, त्याचा निम्मा ६. हाच लीवे. दोन्ही टॅकचं वाचन एकत्र घेण्याचा फायदा असा की होकायंत्र दोन्हीकडे सारख्याच चार अंशांनी चुकत असेल, तर ती चूक वजाबाकीत निघून जाते. दोन दिशांना वेगवेगळं चुकत असेल तर मात्र नाही.

नकाशावर कधी, कुठल्या बाजूला

इथे गणित सोपं आणि घोटाळा सोपा. बेरीज करायची की वजाबाकी, हे पाठ करण्यापेक्षा नकाशावर वाऱ्याचा एक मोठा बाण काढावा आणि त्याकडे बघून ठरवावं.

आपण कुठे आलो हे काढायचं असेल, तर नाकाच्या दिशेपासून सुरुवात करा, वाट वाऱ्यापासून दूर ढकला, ती पाण्यातली वाट. त्या वाटेवर लॉगने (पाण्यातून कापलेलं अंतर मोजणाऱ्या यंत्राने) दाखवलेलं अंतर मोजा. मग त्या टोकापासून तेवढ्या वेळातल्या प्रवाहाची रेघ जोडा. तिच्या टोकाला बोट. प्रचलित पद्धतीत पाण्यातल्या वाटेवर एक बाण, जमिनीवरच्या वाटेवर दोन आणि प्रवाहावर तीन बाण काढतात. रात्री झोपाळल्या डोळ्यांनी नकाशा बघणाऱ्याला त्या तीन बाणांचं मोल कळतं.

कुठली दिशा धरायची हे काढायचं असेल, तर क्रम उलटा. आधी प्रवाहाचा त्रिकोण (जमिनीवरची वाट, प्रवाह आणि पाण्यातली वाट या तीन रेघांचा) सोडवून पाण्यातली वाट काढा, आणि मग लीवेइतकं नाक वाऱ्याकडे वळवा. पाण्यातली वाट १२० हवी, वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे उजवीकडून, लीवे ४: सुकाणूवाल्याला १२४ सांगायचं. होकायंत्राच्या दुरुस्त्या त्यानंतर, सर्वांत शेवटी. लीवे आधी लावून मग प्रवाहाचा त्रिकोण काढला, तर नाकाच्या दिशेला पाण्यातली वाट समजून बसल्यासारखं होतं आणि सगळा त्रिकोणच वाकडा येतो.

डोक्यातल्या डोक्यात तपासायला साठाचा नियम पुरतो: १ अंशाची चूक ६० मैलांवर १ मैल होते. ६ अंशांचा लीवे विसरलात, तर दर १० मैलांमागे १ मैल वाऱ्याखाली. यापुढे दशांशाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. लाटेत बोट धरणारा माणूसच दिशेच्या दोन्ही बाजूंना चार-पाच अंश खेळत असतो. लीवे अंशाच्या अचूकतेने नव्हे, तर ‘तीन, सहा की दहा’ एवढ्या अचूकतेने कळला तरी खूप झालं.

जुन्या जहाजांना हा आकडा किती जड जाई, हेही बघण्यासारखं आहे. आडव्या चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या सहा पॉइंटपेक्षा जवळ जात नसे. पॉइंट म्हणजे होकायंत्राचा ३२ वा भाग, सव्वाअकरा अंश. सहा पॉइंट म्हणजे साडेसदुसष्ट. त्यांच्या नोंदवहीत वेग आणि वारा यांच्या शेजारी लीवेचा वेगळा रकाना असे आणि तो भरायला ठरीव ठोकताळे होते. सगळी शिडं चढलेली आणि पाणी शांत असेल तर लीवे जवळपास नाही. वारा वाढून वरची लहान शिडं उतरवावी लागली की एक पॉइंट. टॉपसेल, म्हणजे खालच्या मोठ्या शिडांच्या वरची शिडं, पूर्ण आखडली की दोन. शिडंच नाहीत, नुसत्या डोलकाठ्या वाऱ्यात, तर सात. एक पॉइंट लीवे म्हणजे खरी वाट वाऱ्यापासून ७९ अंशांवर. वाऱ्याकडे १ मैल मिळवायला ५ मैल चालायचं. दोन पॉइंट म्हणजे बरोबर ९० अंश. आता जहाज कितीही टॅक मारो, ते एकाच रेषेवर येरझाऱ्या घालतं. वाऱ्याखाली खडक असलेल्या खाडीत अडकलेल्या जहाजाची जोराच्या वाऱ्यात सुटका का होत नसे, ते या दोन पॉइंटमध्ये आहे.

आजच्या बोटीला ९० अंशांचा टॅक सहा अंशांच्या लीवेने १०२ चा होतो. वाऱ्याच्या दिशेने १० मैल चढायला १४ ऐवजी १६ मैल चालावं लागतं. जहाजांच्या मानाने किरकोळ, पण पोहोचायची वेळ काढताना हे दोन मैल धरलेले नसतात, आणि मग ‘बोट आज चालत नाहीये’ अशी तक्रार सुरू होते.

जिथे अंश उपयोगाचे नाहीत

बोट हीव्ह टू करून, म्हणजे शिडं आणि सुकाणू एकमेकांविरुद्ध अडकवून जवळपास थांबवली की लीवेचा कोन काटकोनाकडे जाऊ लागतो आणि त्याला काही अर्थ उरत नाही. तेव्हा अंशांऐवजी नॉटमध्ये विचार करावा: बोट तासाला एक-दोन मैल वाऱ्याखाली सरकते आहे, त्या बाजूला मोकळं पाणी किती आहे, आणि ते किती तास पुरेल. शोध आणि बचावकार्यातही लीवे असाच मोजतात, वाऱ्याच्या वेगाचा अमुक टक्के म्हणून. समुद्री नांगर (पाण्यात सोडून सरकणं रोखणारं साधन) नसलेला तराफा वाऱ्याबरोबर जोरात पळतो, पाण्यात पडलेला माणूस फारसा नाही. दोघांना एकाच ठिकाणी शोधायला गेलं तर चुकतं.

शिडं उतरवून इंजिनवर चालतानाही लीवे असतो. डोलकाठी, दोर, बोटीची कडा, सगळ्यांवर वारा येतोच. बोट बाजूला अर्धा नॉट सरकत असेल आणि पुढे ५ नॉट, तर कोन ६ अंश. बंदरात शिरताना वेग अडीचवर आणला की तोच कोन ११ च्या पुढे. अरुंद तोंडातून आत येताना बोट अचानक जास्त तिरकी का झाली, हे कोडं पडतं ते यामुळेच.

आणखी एक गोष्ट लीवेच्या नावावर खपते आणि ती लीवे नाही. वारा तासन्‌तास एकाच दिशेने वाहिला की पाण्याचा वरचा थर स्वतःच वाऱ्याखाली वाहू लागतो, साधारण वाऱ्याच्या वेगाच्या ३ टक्के. २० नॉटच्या वाऱ्याला ०.६ नॉट. भरती-ओहोटीच्या तक्त्यात हा प्रवाह सापडणार नाही आणि बोटीच्या मागावरही दिसणार नाही, कारण माग त्याच पाण्यावर उमटलेला असतो. तो दिसतो फक्त नकाशावर, जीपीएसच्या ठिकाणात. लांबच्या प्रवासात लीवे नीट धरूनही बोट सारखी वाऱ्याखालीच निघत असेल, तर ‘क’ वाढवत बसण्याआधी या प्रवाहाचा संशय घ्यावा.

आणि इतकं करूनही ४ धरायचे की ८, असा प्रश्न उरलाच, तर धोका कुठल्या बाजूला आहे ते बघून ठरवावं. खडक वाऱ्याखाली असतील तर ८ धरा आणि त्यानुसार बोट वाऱ्याकडे ठेवा. खडक वाऱ्याकडच्या बाजूला असतील तर ४ धरा. कारण तेव्हा बोट अपेक्षेपेक्षा कमी घसरली, तरच ती त्यांच्याजवळ जाणार आहे.